वाचकांचे प्रश्न : उपग्रह दूरचित्रवाणी घरच्या संगणकावर

प्रश्न : आमच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. तिची केबल सेट-टॉप बॉक्सऐवजी थेट संगणकाला जोडून सह्याद्री वाहिनी पाहता येईल का? भाच्याने त्याच्याकडचे स्कायस्टार-2 हे जुने कार्ड दिले आहे, ते चालेल का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली दूरदर्शनची ही सेवा विनाशुल्क आहे, त्यामुळे योग्य ट्यूनर (छत्रीकडून आलेला सिग्नल पकडणारे कार्ड किंवा उपकरण) बसवलेल्या कोणत्याही संगणकावर तिच्या वाहिन्या दिसू शकतात. अडचण आहे ती भाच्याच्या कार्डाची. स्कायस्टार-2 हे त्याच्या काळातले उत्तम कार्ड होते, परंतु ते जुन्या पीसीआय खाचेत बसते आणि आजच्या बहुतेक मदरबोर्डवर ती खाचच नसते. शिवाय ते फक्त डीव्हीबी-एस हे पहिल्या पिढीचे प्रक्षेपण ओळखते. फ्री डिशवरील काही वाहिन्या डीव्हीबी-एस2 पद्धतीने, एमपीईजी-4 स्वरूपात येतात आणि त्या या कार्डाला मुळीच सापडणार नाहीत. आपल्याकडे पीसीआय खाच असलेला जुना संगणक पडून असेल, तर त्यावर लिनक्स ही मोफत संचालन प्रणाली घालून हे कार्ड हात बसवण्यासाठी जरूर वापरावे, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे. नव्याने खर्च करायचा असेल, तर डीव्हीबी-एस2 लिहिलेले पीसीआय एक्सप्रेस कार्ड किंवा यूएसबी ट्यूनर घ्यावा. बाजारात ‘टीव्ही ट्यूनर’ या नावाखाली केबल किंवा अँटेनासाठीची उपकरणेही मिळतात, त्यांचा येथे काही उपयोग नाही.

प्रश्न : डीव्हीबी-एस2 कार्ड बसवले, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर टाकले, तरी स्कॅन केल्यावर एकही वाहिनी मिळत नाही. सिग्नलची पट्टी मात्र 70 टक्के दाखवते. दोष कार्डात असावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कार्डावर संशय घेण्याआधी गच्चीवर जावे. सॉफ्टवेअरमध्ये दोन पट्ट्या असतात. ‘स्ट्रेंथ’ची पट्टी एलएनबीला (छत्रीसमोरच्या दांडीवरचा, लहरी गोळा करून केबलमधून खाली पाठवणारा भाग) वीज मिळून तो काहीतरी खाली पाठवतो आहे एवढेच सांगते, मग छत्री भलत्याच उपग्रहाकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे वळलेली असली तरी बिघडत नाही. पाहायची ती ‘क्वालिटी’ची पट्टी. ती शून्यावर असेल, तर आपण फ्री डिशचा उपग्रह धरलेलाच नाही.

हा उपग्रह म्हणजे 93.5 अंश पूर्वेवरील जीसॅट-15. पुण्याहून तो आग्नेयेस, उत्तरेपासून मोजल्यास सुमारे 132 अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे 59 अंश उंचीवर येतो. नागपूरहून हेच आकडे साधारण 144 आणि 60 असे होतात. येथे बहुतेकांची फसगत होते, कारण घरगुती छत्रीचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूस असतो आणि त्यामुळे छत्रीचा चेहरा खऱ्या दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंश खाली पाहत असल्यासारखा दिसतो. ती नजरेने 59 अंशांवर उचलली, तर निशाणा डोक्यावरून निघून जातो. मोबाइलमधले होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरू नये, चार पावले दूर उभे राहून दिशा पाहावी.

सॉफ्टवेअरमध्ये एलएनबीची स्थानिक वारंवारता 9750 आणि 10600 अशी भरावी. त्यानंतर संपूर्ण स्कॅन न करता 11090 मेगाहर्ट्झ, उभे ध्रुवीकरण आणि 29500 सिम्बॉल रेट हा एकच ट्रान्सपाँडर (एका वारंवारतेवर अनेक वाहिन्या एकत्र पाठवणारा उपग्रहावरचा प्रक्षेपक) निवडून ठेवावा. एकाने खाली पट्टीवर लक्ष ठेवावे आणि दुसऱ्याने छत्री बोटभर सरकवून दोन-तीन सेकंद थांबावे, कारण कार्डाला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो आणि घाई केली की नेमकी जागा हातची निसटते. क्वालिटी दिसू लागली की एलएनबी स्वतःभोवती थोडा डावी-उजवीकडे फिरवून ती वाढवावी आणि मगच बोल्ट आवळावेत. पावसाळ्यात चित्र फुटू नये म्हणून एवढी मेहनत, कारण या लहरींना जोरदार पाऊस मोठ्या प्रमाणात शोषून घेतो.

तरीही स्ट्रेंथसुद्धा शून्य असेल, तर केबलच्या टोकाचा एफ-कनेक्टर उघडून पाहावा. बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तांब्याला टेकलेली असली, तरी कार्डाकडून एलएनबीला जाणारे 13 किंवा 18 व्होल्ट तिथेच शॉर्ट होतात. ही केबल जोडताना किंवा काढताना संगणक बंद ठेवावा.

प्रश्न : अशा कार्डावर खासगी डीटीएच कंपन्यांच्या सशुल्क वाहिन्या दिसतील का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही. त्या कूटबद्ध असतात आणि त्या त्या कंपनीच्या बॉक्सखेरीज उलगडत नाहीत. 93.5 अंशांवर संपूर्ण स्कॅन केल्यास अशा काही वाहिन्यांची नावे यादीत येतात, पण पडदा काळाच राहतो. त्या ‘उघडून देणारी’ सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. ते बेकायदा तर आहेच, आणि अशा फाइलीबरोबर संगणकात आणखी काय शिरते याचा भरवसा नसतो.

प्रश्न : एक कार्यक्रम पाहत असताना दुसरा मुद्रित (रेकॉर्ड) करता येतो का? त्यासाठी दोन कार्डे लागतील का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही वाहिन्या एकाच ट्रान्सपाँडरवर असतील, तर एक ट्यूनर पुरतो, कारण त्या ट्रान्सपाँडरवरचा सगळा प्रवाह एकदमच संगणकात उतरत असतो. संगणकाला सेट-टॉप बॉक्सच्या तुलनेत खरा फायदा आहे तो येथे, असे आमचे मत आहे. विंडोजवर डीव्हीबीव्ह्यूअर किंवा प्रॉगडीव्हीबी, तर लिनक्सवर टीव्हीहेडएंड यांतून हे साधते. टीव्हीहेडएंड तर घरातल्या वायफायवरून मोबाइललाही वाहिनी पुरवते. वाहिन्या वेगवेगळ्या ट्रान्सपाँडरवर असतील, तर दुहेरी ट्यूनर, दोन तोंडांचा एलएनबी आणि त्यापासून दोन स्वतंत्र केबली घ्याव्या लागतील. जागेचा हिशेब असा, की सेकंदाला 3 मेगाबिट दराने येणाऱ्या वाहिनीचा एक तास सुमारे 1.35 गिगाबाइट घेतो, म्हणून रोजची मालिका साठवायची असेल तर मुद्रणासाठी वेगळी हार्ड डिस्क ठेवलेली बरी.