वर्गात सगळं कळतं, पेपरात काहीच सुचत नाही

विज्ञान शाखेची मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा हीच तक्रार घेऊन येतात: "मॅडम, वर्गात सगळं कळतं, पण पेपर समोर आला की डोकंच चालत नाही." सोबत स्वतःच काढलेलं निदानही असतं. कुणी म्हणतं परीक्षेची भीती, कुणी म्हणतं स्मरणशक्ती कमी झाली, आणि बरेच जण खाली मान घालून म्हणतात, "माझं डोकंच विज्ञानाचं नाही."

भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी यातलं तिसरं निदान घेऊन आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शाळेत कायम वरच्या नंबरांत. कॉलेजात मार्क घसरले, आणि का घसरले हेच तिला उमगेना, कारण अभ्यासाचे तास तर वाढले होते. शाखा बदलण्याचा अर्ज तिने भरून ठेवला होता. घरी अजून सांगितलं नव्हतं.

अशा वेळी मी आधी एकच गोष्ट विचारते: घरी, घाई नसताना, उत्तर झाकून तेच गणित सुटतं का? घरी सुटतं आणि फक्त परीक्षेत अडतं असं असेल, तर भीतीवर काम करायचं. झोप, भूक, मन सतत उदास असणं याचीही चौकशी करते. तिथे काही आढळलं तर रस्ता वेगळा, कधी डॉक्टरांकडे पाठवण्याचा. तिच्या बाबतीत तसं काही नव्हतं. पण माझा प्रश्न ऐकून ती गोंधळली. "उत्तर झाकून म्हणजे? मी सोडवलेली उदाहरणं वाचते ना. दोन-तीनदा वाचते. सगळी कळतात."

मी पदवीपर्यंत विज्ञानच शिकले, त्याचा अशा वेळी उपयोग होतो. कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, चेंडू सरळ वर फेकलाय. सर्वांत वर पोचल्यावर त्याचा वेग क्षणभर शून्य होतो. त्या क्षणी त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती?

"शून्य. थांबलाय ना तो."

ते कागदावर लिहून घेतलं. मग तोच चेंडू किती उंच जाईल याचं गणित करायला सांगितलं. तिने झरझर मांडलं. त्वरण गुरुत्वाकर्षणाचं, उणे 9.8, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. उत्तरही बरोबर. आता एकाच कागदावर दोन गोष्टी होत्या आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मॅडम, वर शून्य लिहिलंय आणि खाली 9.8. असं कसं?"

"तुला काय वाटतं?"

हा प्रश्न तिला आवडला नाही. पण बराच वेळ कागदाकडे बघून ती म्हणाली, "वरती त्वरण खरंच शून्य असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. खाली आलाच नसता."

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्या गाईडमधलंही नव्हतं. विज्ञानाचं डोकं नाही या तक्रारीवर याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं, म्हणून मी ते दिलंही नाही. अर्जाची शेवटची तारीख कधी आहे, एवढंच विचारलं.

यात तिचं एकटीचं काही वेगळं घडत होतं असं नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांना 1990 च्या सुमारास हेच दिसलं. त्यांच्या मुलांना किचकट गणितं यायची. मग त्यांनी बल आणि गती यांवरचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले, तर मुलं चुकायला लागली. एका मुलीने तर विचारलं, या प्रश्नांची उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी लिहू, की मला जसं वाटतं तशी? म्हणजे डोक्यात दोन कप्पे: एक पेपरासाठी, एक स्वतःसाठी. पहिल्या कप्प्यातलं दुसऱ्याला माहीत नाही. पेपरात थोडं वळण दिलेलं गणित आलं की पहिला कप्पा रिकामा निघतो आणि दुसरा चुकीचं सांगतो. डोकं बंद पडल्यासारखं वाटतं ते बहुधा या वेळी.

पुढच्या भेटीत मी तिच्याच पुस्तकातली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवली आणि म्हटलं, सोडवू नकोस, फक्त सारखी वाटणारी एकत्र कर. तिने भराभर गठ्ठे केले: उतारावरची, कप्पीची, स्प्रिंगची. मिशेलिन ची (Chi) या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली हाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. नवशिके वरवरच्या वस्तू पाहून गट करत होते. जाणकार मात्र उतारावरचं एक गणित आणि स्प्रिंगचं एक गणित एकाच गठ्ठ्यात टाकत होते, कारण दोन्हीकडे ऊर्जेची अक्षय्यता, म्हणजे एकूण ऊर्जा कायम राहते हे तत्त्व, लागते. तिला हे सांगितलं, तेव्हा तिने आपले गठ्ठे परत मोडले. मग त्या पूर्ण तासात आम्ही एकही गणित सोडवलं नाही. प्रत्येक चिठ्ठीवर फक्त "इथे कोणतं तत्त्व चालेल आणि का" एवढंच बोललो. घर्षण आलं की ऊर्जेचा हिशेब कुठे बिघडतो यावर तर ती माझ्याशी चक्क भांडली.

घरी करायला मी फार काही दिलं नाही. उदाहरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर सुरुवात करायची. अडलं की लगेच पुस्तक उघडायचं नाही. नेमकं कुठे अडलं ते एका ओळीत लिहायचं आणि मगच बघायचं. आकडे भरण्याआधी उत्तराचा अंदाज करायचा. आणि उत्तर आलं की ते टोकाला नेऊन बघायचं. घर्षण नसलेल्या उतारावर त्वरण g साइन थीटा येतं ना? (g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, थीटा म्हणजे उताराचा कोन.) मग कोन शून्य केला तर काय होतं? त्वरण शून्य, वस्तू जागेवर, पटतं. कोन 90 केला तर? थेट g, म्हणजे सरळ खाली पडणं, तेही पटतं. चुकून साइनच्या जागी कॉस लिहिलं असतं तर सपाट जमिनीवर ठेवलेली वस्तू g त्वरणाने पळाली असती. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची. ती तिला फार आवडली. परीक्षेत उपयोग होईल म्हणून नाही, तर "आता बरोबर आहे का हे मला दुसऱ्याला विचारावं लागत नाही" म्हणून.

(प्रॅक्टिकलबद्दल न बोललेलंच बरं. उत्तर आधी ठरवून रीडिंग मागून भरायची सवय मुलांना लागलेली असते आणि शिक्षकांना ठाऊकही असते. अपेक्षेपेक्षा वेगळं रीडिंग आलं की खरं तर तिथे विचार सुरू व्हायला हवा. तिथेच खोडरबर बाहेर निघतं.)

काही आठवड्यांनी ती हिरमुसली होऊन आली. "आधी निदान कळतंय असं वाटायचं. आता तर काहीच कळत नाही असं वाटतं." एका बैठकीत आधी जितकी उदाहरणं वाचून व्हायची, त्याच्या निम्मीही आता होत नव्हती. बरोबरच्या मुली धडेच्या धडे पुढे गेल्या होत्या. बहुतेक मुलं इथेच जुन्या पद्धतीकडे परत जातात, म्हणून या टप्प्यावर मी जास्त वेळ देते. 2019 मध्ये हार्वर्डमधल्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला नुसतं उत्तम व्याख्यान, दुसऱ्याला तोच भाग स्वतः झगडून सोडवायला दिलेला. चाचणीत झगडणाऱ्यांना जास्त आलं. पण आपण किती शिकलो असं विचारल्यावर त्यांनीच स्वतःला कमी लेखलं. ओघवतं व्याख्यान ऐकताना वाटणारं समाधान आणि प्रत्यक्ष येणं, यांची आपण गल्लत करतो. तिला मी तिचीच वही उघडायला लावली. सुरुवातीच्या ओळी "काहीच सुचलं नाही" अशा होत्या. अलीकडच्या ओळींत "दोरीतला तणाव दोन्ही बाजूंना सारखा का धरायचा, कप्पीला वस्तुमान असेल तर?" असं होतं. हे दोन्ही "कळत नाही" एकसारखे आहेत का, एवढंच विचारलं. तिने उत्तर दिलं नाही, वही मिटली.

घरच्यांशी बोलायला तिने मला बोलावलं नाही, स्वतःच बोलली. शाखा बदलायची तारीख उलटून गेली. पुढच्या परीक्षेत यांत्रिकीत मार्क बरे आले, गणिताच्या पेपरात होते तेवढेच राहिले, आणि विद्युतचुंबकत्वात ती अजून अडखळते. मागच्या वेळी ती एका मैत्रिणीला घेऊनच आली. दोघींनी विद्युतचुंबकत्वातल्या गणितांचे गठ्ठे पाडले होते आणि एका चिठ्ठीवर एकमत होत नव्हतं. एकीचं म्हणणं हे गाउसच्या नियमाने (विद्युतभारावरून विद्युतक्षेत्र काढायच्या नियमाने) होईल, दुसरीचं म्हणणं इथे सममितीच नाही, तर नियम खरा असून उपयोग काय. निवाडा करायला माझं शिक्षण पुरेना. मी त्यांना त्यांच्या प्राध्यापकांकडे पाठवलं, तर जिन्यापर्यंत त्यांचा वाद ऐकू येत होता.