दंडाधिकारी बदलून मागता येतो का?

प्रश्न : दंडाधिकाऱ्यांनी पोलीस अहवाल किंवा तक्रार नसताना, स्वतःला मिळालेल्या माहितीवरून माझ्याविरुद्ध गुन्ह्याची दखल घेतली आहे. खटला दुसऱ्यांपुढे चालावा, असे मी म्हणू शकतो का?

उत्तर : होय, आणि या विशिष्ट परिस्थितीत तो तुमचा हक्कच आहे. दंडाधिकारी स्वतःच्या माहितीवरून किंवा पोलिसांखेरीज अन्य व्यक्तीने दिलेल्या माहितीवरून दखल घेतात, तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 211 नुसार, कोणताही पुरावा नोंदवण्यापूर्वी, दुसऱ्या दंडाधिकाऱ्याकडून चौकशी किंवा सुनावणी करून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे त्यांनी तुम्हाला सांगणे बंधनकारक आहे. तुम्ही हरकत घेतली, किंवा अनेक आरोपींपैकी एकानेही घेतली, तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी नेमून दिलेल्या दंडाधिकाऱ्याकडे वर्ग करावेच लागते. त्यासाठी पक्षपात सिद्ध करण्याची गरज नाही. ज्याने स्वतःहून गुन्ह्याची दखल घेतली त्यानेच निवाडा करू नये, हा यामागचा विचार मला अतिशय मोलाचा वाटतो. हरकत मात्र पुरावा सुरू होण्याआधीच लेखी नोंदवावी.

पोलीस अहवालावर किंवा खासगी तक्रारीवर सुरू झालेल्या खटल्यात हे कलम लागू होत नाही. तेथे कलम 448 खाली सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो आणि निष्पक्ष न्याय मिळणार नाही, ही भीती वाजवी असल्याचे ठोस कारणांनी दाखवावे लागते. अर्ज फेटाळला गेल्यास कलम 447 नुसार उच्च न्यायालयात जाता येते. एखादा आदेश विरोधात गेला, एवढ्यावरून बदली मिळत नाही.