‘प्लीज’ लावूनही माझे इंग्रजी उद्धट का वाटते?

आपण विचारले आहे की, इंग्लंडमधील सहकाऱ्यांना मेल लिहिताना प्रत्येक विनंतीत ‘प्लीज’ घालूनही आपली भाषा हुकूम सोडल्यासारखी वाटते असे आपल्याला सांगण्यात आले, तर चूक नेमकी कुठे होते? मराठी माध्यमातून आलेल्या प्रौढांना मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवत आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात निघतो.

मराठीत आदर क्रियापदातच मुरलेला असतो. ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’ एवढ्या फरकाने काम भागते. ‘कृपया’ हा शब्द आपण अर्जात लिहितो आणि स्थानकावरील उद्घोषणेत ऐकतो, घरात क्वचितच उच्चारतो. इंग्रजीतही एके काळी ‘दाउ’ (तू) आणि ‘यू’ (तुम्ही) असा भेद होता, परंतु सतराव्या शतकाच्या ओघात तो प्रमाण भाषेतून मावळत गेला आणि आज लहान मुलाला व वरिष्ठाला ‘सेंड’ हे एकच रूप वापरावे लागते. म्हणूनच ‘प्लीज सेंड मी द फाइल’ हे वाक्य आपल्या मनातील ‘फाइल पाठवाल का’ याच्या तोडीचे ठरत नाही. ती ‘प्लीज’ जोडलेली आज्ञाच राहते. रोजच्या किरकोळ कामाला ती चालते, पण कोणाचा वेळ मागायचा असेल तेव्हा ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक वाक्यातच ठेवावी लागते.

ही मोकळीक प्रश्नार्थक रचनेतून आणि भूतकाळी रूपातून मिळते: ‘कॅन यू’पेक्षा ‘कुड यू’ सौम्य, ‘विल यू’पेक्षा ‘वुड यू’ सौम्य. भविष्यातील कामासाठी भूतकाळी रूप का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. त्यांना मी आपल्याच बोलण्याकडे पाहायला सांगतो. कचेरीच्या खिडकीशी उभे राहून आपण ‘एक फॉर्म हवा होता’ असे म्हणतो. फॉर्म तर आत्ता हवा असतो. ‘तुमच्याशी जरा बोलायचे होते’ हेही तसेच. मागणी एक पाऊल मागे ठेवली की समोरच्यावरचा भार हलका होतो. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...’ या लांबलचक इंग्रजी रचनेत हेच घडते, आणि हे साम्य एकदा लक्षात आले की ती पाठ करावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

कोणत्या विनंतीला किती सौम्यता हवी, याविषयी पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाअभ्यासकांची मांडणी मला फार उपयोगी वाटते. इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या भाषांच्या आधारे त्यांनी दाखवले की दोन व्यक्तींमधील अंतर, अधिकारातील फरक आणि मागणीचे ओझे या तिन्ही गोष्टी मिळून भाषा ठरते. शेजारच्या सहकाऱ्याकडे पेन मागताना ‘आय वॉज वंडरिंग’ म्हटले, तर तो बुचकळ्यात पडेल.

आपल्या कचेऱ्यांतील ‘किंडली’ मात्र मी आवर्जून टाळायला सांगतो. आपल्याला तो शब्द विनयाचा वाटतो, पण ब्रिटिश कानाला त्यात पुष्कळदा ताकीद ऐकू येते. ‘कुड यू टेल मी’ने प्रश्न सुरू केल्यावर पुढे ‘व्हेअर इज द फाइल’ नव्हे, तर ‘व्हेअर द फाइल इज’ असा क्रम येतो. ‘वुड यू माइंड’चा शब्दशः अर्थ ‘आपली काही हरकत आहे का’ असा असल्याने होकार द्यायचा तर ‘नॉट ॲट ऑल’ म्हणावे.

जिथे लाभ समोरच्याचाच असतो, तिथे यांपैकी कशाचीही गरज नसते. पाहुण्याला आपण ‘बसा, चहा घ्या’ म्हणतो, तसेच ‘हॅव अ सीट, हॅव सम टी’ ही साधी आज्ञार्थी वाक्ये इंग्रजीतही आपुलकीचीच वाटतात.