पुढून ठोकलेली ऑडी टीटी दुरुस्त करावी की सोडून द्यावी?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं, की २०१२ ची टीटी आहे, सेकंड हँड घेतलेली, ड्रायव्हर साइडने डिव्हायडरला बसली, पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या, आयडीव्ही, म्हणजे इन्शुरन्समध्ये धरलेली गाडीची किंमत, ९ लाख, शोरूमचं एस्टिमेट साडेआठ लाख आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर टोटल लॉस म्हणतोय, म्हणजे दुरुस्त न करता गाडी गेली असं धरून पैसे घ्या, पण तुमचा जीव गाडीत अडकलाय. मी पुण्यात बॉडीशॉपचं काम करतो त्यामुळे हे रोजचं आहे, आणि माझं म्हणणं एवढंच की मार नेमका कुठपर्यंत गेलाय हे बघितल्याशिवाय हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका.

साडेआठ लाखाचं एस्टिमेट गाडी न खोलता काढलेलं असेल तर तो अंदाज आहे, खोलल्यावर आकडा बहुतेक वेळा वरच जातो. बंपर, हेडलाइट, कंडेन्सर, रेडिएटर, फेंडर हे सगळं बोल्टवर असतं, काढलं नवीन लावलं विषय संपला. खरा प्रश्न त्याच्या मागे आहे. लाँग मेंबर, म्हणजे बंपरपासून चाकांच्या आतून फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे, जाणारे दोन दांडे, ते सरळ आहेत का बघा, एप्रनला, म्हणजे बोनेटखाली चाकावरच्या आतल्या पत्र्याला, सुरकुती आलीय का बघा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडताना घासतोय का, दरवाजा आणि फेंडरमधली गॅप वर एक आणि खाली एक आहे का, पुढचं चाक मागे सरकून दरवाजाच्या खालच्या पट्टीजवळ आलंय का. यातलं एकही असेल तर धक्का आतपर्यंत गेलाय.

आणि टीटीमध्ये हे जास्त महत्त्वाचं का, तर तुमच्या मॉडेलची बॉडी साधारण ६९ टक्के ॲल्युमिनियम आहे, स्टील मुख्यतः मागच्या फ्लोअरला, दरवाजांना आणि डिकीला. म्हणजे तुमचा मार बरोबर ॲल्युमिनियमवर बसलाय. स्टीलचा दांडा वाकला तर चांगला डेंटर मशीनवर खेचून बऱ्यापैकी जागेवर आणतो, ॲल्युमिनियम तसं ऐकत नाही, थंड खेचलं की तडा जातो आणि गॅस मारून गरम केलं तर रंग न बदलताच त्याची ताकद जाते, बाहेरून काहीच कळत नाही. जोड पण रिव्हेट आणि ॲडहेसिव्हचे आहेत, तिथे आपल्या नेहमीच्या वेल्डिंगने भागत नाही. शिवाय स्टीलवर वापरलेला ग्राइंडर तसाच ॲल्युमिनियमवर फिरवला की काही दिवसांनी पेंटखाली फुगे यायला लागतात. म्हणून "साहेब, दीड लाखात खेचून देतो" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका, प्लीज. ॲल्युमिनियमची हत्यारं वेगळी ठेवतात का आणि बेंचवर, म्हणजे बॉडी सरळ आहे का मोजायच्या मशीनवर, चढवून मोजमापाचा प्रिंट देतात का, हे दोनच प्रश्न विचारा.

एअरबॅगचं तर मी हात जोडून सांगतो. पॅसेंजर साइडचा डॅशबोर्ड फाटून बॅग बाहेर येते, तो डॅशबोर्ड शिवून, वरून रंग मारून देणारे लोक आहेत, आत बॅगच नसते आणि लाइट विझावी म्हणून तिच्या जागी रेझिस्टर लावलेला असतो. मीटरवर सगळं ओके दिसतं. पुढच्या वेळी शेजारी कोण बसलेलं असेल ते तुम्हीच विचार करा. दोन्ही बॅग, धडकेच्या वेळी सीटबेल्ट आवळणारे प्रिटेन्शनर, डॅशबोर्ड, आणि कंट्रोल युनिटमध्ये क्रॅश डेटा अडकला असेल तर त्याचंही काम, हा सगळा खर्च धरूनच हिशोब करा.

आता इन्शुरन्स. खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात, तुमच्या केसमध्ये ती रेषा पावणेसात लाख, त्यामुळे सर्व्हेअर चुकीचं काही बोलत नाहीये. समजा भांडून रिपेअर बेसिसवर क्लेम पास करून घेतला तरी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नसेल तर प्लास्टिक, रबर आणि एअरबॅगवर ५० टक्के डेप्रिसिएशन कापतात, आणि गाडी १० वर्षांच्या वर असल्याने मेटल पार्टवर पण ५०. काच तेवढी पूर्ण मिळते. म्हणजे पार्टचे जवळपास निम्मे पैसे तुमच्याच खिशातून. गाडी स्वतःकडे ठेवायची असेल तर नेट ऑफ सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे ठोकलेल्या गाडीची भंगार किंमत वजा करून, किती देणार ते विचारा, आणि आरसी चालू राहणार की रद्द होणार हे लेखी घ्या. गाडी देऊन टाकली तरी आरसीचं काय झालं याचा कागद जपून ठेवा, कारण टोटल लॉस गाड्यांचे चॅसी नंबर चोरीच्या गाड्यांवर चढवण्याचे धंदे चालतात.

मिस्टर बीनवाल्या रोवन ॲटकिन्सनचं उदाहरण लोक नेहमी देतात, २०११ मध्ये त्याने मॅकलॅरेन एफवन ही सुपरकार झाडावर घातली, दुरुस्तीला ९ लाख पौंडांच्या वर गेले, आणि २०१५ मध्ये तीच गाडी ८० लाख पौंडांच्या आसपास विकली गेली. पण एफवन जगात १०६ च बनल्या. टीटीला तसा भाव येणार नाही, त्यात २०२७ ला १५ वर्षं भरली की रजिस्ट्रेशन रिन्यू करायला आरटीओत तपासणी आणि वर ग्रीन टॅक्स. त्यामुळे विकून पैसे काढू हा विचार असेल तर आत्ताच सोडा.

पण स्वतः चालवायची असेल, आणि लाँग मेंबर सरळ निघाले, तर मी म्हणेन नक्की करा. आज अशी गाडी परत चांगल्या कंडिशनमध्ये शोधणं सोपं नाही, आणि आवडीची गाडी ठेवण्यासाठी चार पैसे जास्त गेले तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर हेडलाइट, फेंडर, बोनेट जुने मिळाले तर घ्या, एअरबॅग आणि बेल्ट मात्र जुने अजिबात नको. लाँग मेंबर किंवा ए पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूचा खांब, गेला असेल तर टोटल लॉस घ्या आणि त्या पैशात दुसरी बघा.

सर्व्हेअरला सांगून आधी पुढचा भाग खोलायला लावा, आणि दोन्ही एप्रनचे फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.