विश्वासाने नीतिमान ठरायचे, तर चांगली कामे करायचीच कशाला?

आपण विचारले आहे की, ‘ख्रिस्ती माणूस कर्मांनी नव्हे तर केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, म्हणजे देवापुढे निर्दोष गणला जातो, मग जन्मभर सचोटीने वागणाऱ्याचे काय आणि मरताना विश्वास ठेवणाऱ्या गुन्हेगाराचे काय?’ मी नाशिकचा, जन्माने आणि श्रद्धेनेही ख्रिस्ती, आणि नोकरी बरीच वर्षे एका द्राक्षबागायतदाराकडे हिशेबनीस म्हणून केली, त्यामुळे उत्तरात थोडी वहीखात्याची भाषा येईल. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातही ती आहेच.

रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, तिला कोणी मेहरबानी म्हणत नाही; पण यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याने देवावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून ‘गणण्यात आला’. ‘गणणे’ यासाठीचा मूळ ग्रीक शब्द हिशेबातलाही आहे. पौलाचा खरा मुद्दा मात्र क्रमाचा आहे: बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात अब्राहाम नीतिमान गणला गेला आणि सुंतेची आज्ञा आली ती सतराव्या अध्यायात, म्हणजे सुंतेची खूण नंतरची, नीतिमत्त्वाची जमा आधीची.

आमच्याकडे आठवडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हजेरीवही पाहून, खाडे वजा करून, मजुरी वाटली जाई. एका मजुराने घेतलेली उचल आजारपणामुळे फिटेना, तेव्हा मालकांनी ती स्वतःच्या खासगी खात्यातून भरून त्याच्या नावावर जमा दाखवायला मला सांगितले. मी कुरकुरलो, कारण त्याने आता कामाला येणेच सोडले तर, असे मला वाटले. तो पुढच्या छाटणीला आला आणि नीट राबला. पण ते काम मी उचलीच्या रकान्यात लिहू शकत नव्हतो, तो रकाना आधीच निरंक झाला होता. दाखला लंगडाच आहे, कारण देव आणि माणूस यांचे नाते खतावणीत मावत नाही, परंतु ‘करावे तसे भरावे’ या हिशेबापेक्षा कृपा वेगळी कशी, हे मला त्या नोंदीने कळले.

बायबलमधलेच याकोबाचे पत्र तर कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो, नुसत्या विश्वासाने नव्हे, असे स्पष्ट म्हणते. तिथे रोख आहे तो उघड्यानागड्या भावाला ‘सुखाने जा’ म्हणून रिकाम्या हाताने पाठवणाऱ्याच्या विश्वासावर. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो या पौलाच्या वाक्यात ‘केवळ’ हा शब्द घातला, कॅथलिकांच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1547 मध्ये त्या शिकवणीविरुद्ध निर्णय दिला, आणि पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन मंडळ्यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत. तरी आपल्या पुण्याईवर नव्हे तर कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि सत्कर्मे त्यानंतर येतात, हे दोघांनी मिळून म्हटले.

सचोटीने वागणाऱ्याची सचोटी पौल खोटी ठरवत नाही. तिच्या जोरावर देवाकडे बाकी मागता येते, एवढेच तो नाकारतो. आता आपला गुन्हेगार. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या आणि मरताना त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या त्या चोराला हातून काही घडवायला वेळच उरला नव्हता, हातही मोकळे नव्हते. तरी जे काही क्षण मिळाले त्यांत त्याने येशूची निंदा करणाऱ्या दुसऱ्या चोराला दटावले.