कोर्बाच्या नेमिंग सर्व्हिसमध्ये लिस्ट केल्यावर सगळी नावं का येत नाहीत?

(कोर्बा म्हणजे वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणारी पद्धत; नेमिंग सर्व्हिस म्हणजे त्यातली नावावरून ऑब्जेक्ट शोधायची डिरेक्टरी.)

प्रश्न असा: बुटीबोरीच्या कारखान्यातल्या जुन्या सिस्टीमवर लिस्टला १०० आकडा दिला की १००च नावं येतात, बाकीची जातात कुठे? आणि जावा ८ सोडावं का?

भाऊ, नावं कुठेच जात नाहीत. उरलेली लिस्टच्या तिसऱ्या पॅरामीटरमधल्या बाइंडिंग इटरेटरकडे असतात, म्हणजे बाकीच्या नोंदी (बाइंडिंग) तुकड्या-तुकड्यांनी देणाऱ्या सर्व्हरवरच्या ऑब्जेक्टकडे.

यावर नागपुरात मला हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे 'आकडा दहा लाख टाका, इटरेटरची झंझटच नको.' साफ चूक! तो आकडा फक्त कमाल मर्यादा आहे. सर्व्हरने त्याहून कमी नावं दिली तरी ते स्पेसिफिकेशनला धरूनच आहे. शिवाय सर्व्हरने सगळी दिलीच, तर अख्खी यादी एकाच उत्तरात येते. ओम्निओआरबी (कोर्बाची एक लायब्ररी) ४.२ मध्ये मेसेजची डीफॉल्ट मर्यादा २०९७१५२ बाइट आहे, ती ओलांडली की मार्शल एक्सेप्शन, म्हणजे मेसेज बांधता-उलगडता न आल्याची एरर.

लिस्टसोबत आलेली पहिली तुकडी आधी वापरा. ती विसरून थेट इटरेटर फिरवणारे बरेच आहेत. मग इटरेटर नल (रिकामा) आहे का बघा. नल असेल तर यादी संपली. नसेल तर नेक्स्ट-एन (इटरेटरकडून पुढची तुकडी मागणारा कॉल) ट्रू देतंय तोवर फिरवा. तुकडी लहान आली म्हणून थांबू नका, फॉल्स आल्यावरच थांबा. नेक्स्ट-एनला शून्य दिलंत तर बॅड-पॅराम (चुकीच्या पॅरामीटरची एरर) येईल. लिस्टला मात्र शून्य चालतं, तेव्हा सगळी नावं इटरेटरमधूनच येतात.

डिस्ट्रॉय (इटरेटर मोडून टाकणारा कॉल) हे फायनली ब्लॉकमध्येच हवं, म्हणजे मध्ये एरर आली तरी ते चालतं. इटरेटर सर्व्हरवर राहतो, क्लायंटचा गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) त्याला काढत नाही. मॉनिटरिंग स्क्रीन दर पाच मिनिटांनी रिफ्रेश होऊन दरवेळी एक इटरेटर मागे सोडत असेल, तर दिवसाला २८८ साचतात. जागा करायला सर्व्हर चालू इटरेटरही मोडू शकतो. तेव्हा ऑब्जेक्ट-नॉट-एक्झिस्ट (ऑब्जेक्ट आता नाही, ही एरर) येतं; जमलेली यादी टाकून लिस्ट पहिल्यापासून करा.

हो, आत उतरत जाणार असाल तर बाइंडिंगचा प्रकार एन-कॉन्टेक्स्ट (नावांचा फोल्डरसारखा गट) असेल तिथेच उतरा आणि पाहिलेले कॉन्टेक्स्ट नोंदवत चला. एखादा कॉन्टेक्स्ट स्वतःच्याच पोटात बाइंड केलेला असू शकतो, मग हे आत आत उतरणं (रिकर्जन) थांबत नाही. यादीत नाव आहे म्हणजे त्यामागचा ऑब्जेक्ट, उदाहरणार्थ कारखान्यातल्या वजनकाट्याचा, जिवंत आहे, असंही समजू नका.

आता जावा ८ सोडण्याचं: जावा ११ मधून कोर्बा आणि ओआरबीडी (जावासोबत येणारा नेमिंग सर्व्हर) दोन्ही काढलेत. पुढच्या जावावर जायचं तर जॅकओआरबी (जावासाठी वेगळी मिळणारी कोर्बा लायब्ररी) बघा, हाच लूप तिथेही चालतो.