पेट्रोलवर सूट देणारे क्रेडिट कार्ड घ्यावे का?

प्रश्न : मी नाशिकहून सिन्नरजवळच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीत रोज मोटारीने जातो आणि महिन्याला सुमारे ८,००० रुपयांचे पेट्रोल लागते. पेट्रोल पंपावर भारत पेट्रोलियम आणि एसबीआय कार्ड यांच्या संयुक्त कार्डाची माहिती मिळाली. त्यावर ४.२५ टक्के परत मिळतात, असे सांगण्यात आले. हे कार्ड घेणे फायद्याचे ठरेल का? माझ्याकडे आधीचे एक क्रेडिट कार्ड असून त्याची १८,००० रुपयांची बाकी मी सध्या दरमहा किमान रक्कम भरून फेडत आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ४.२५ टक्के या आकड्याची फोड करू. त्यातले ३.२५ टक्के रिवॉर्ड पॉइंटच्या रूपाने मिळतात : १०० रुपयांच्या इंधनावर १३ पॉइंट आणि ४ पॉइंटांचा एक रुपया. उरलेला एक टक्का म्हणजे अधिभाराची माफी. हा अधिभार क्रेडिट कार्डाने पैसे दिल्यामुळेच लागतो. तुम्ही रोख किंवा यूपीआयने पैसे दिले असते, तर तो लागलाच नसता. त्यामुळे तो परत मिळाला, तरी त्याला कमाई म्हणता येणार नाही. शिवाय अधिभारावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो परत येत नाही. तुमच्या ८,००० रुपयांवर १,०४० पॉइंट, म्हणजे २६० रुपये मिळतील, त्यातून जीएसटीचे सुमारे १४ रुपये वजा जातील आणि हाती साधारण २४५ रुपये राहतील. जाहिरातीच्या हिशेबाने हा आकडा ३४० होतो.

तरीही वर्षाला २,९०० रुपयांच्या वर जाणारी ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नाही, विशेषतः बहुतेक साध्या क्रेडिट कार्डांवर इंधनाच्या खर्चाला पॉइंट मिळतच नाहीत हे लक्षात घेता. कार्डाचे वार्षिक शुल्क ४९९ रुपये अधिक जीएसटी आहे आणि वर्षभरात ५०,००० रुपये खर्च झाल्यास ते माफ होते. मात्र पॉइंटांना बिलाच्या प्रत्येक महिन्यात १,३०० ची मर्यादा आहे आणि अधिभाराची माफी ४,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारालाच मिळते. या अटी कंपन्या वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेल्या अटींचा कागद स्वतः वाचावा. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ पासून पंपावर डिजिटल पैसे भरल्यास ०.७५ टक्के सूट मिळत असे. क्रेडिट कार्डांपुरती ती ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली असल्याने ती हिशेबात धरू नये.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्याची. क्रेडिट कार्डाच्या बाकीवर साधारणपणे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आकारले जाते. १८,००० रुपयांवर ते ६३० रुपये होते आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला, तर सुमारे ७४३ रुपये. म्हणजे नवे कार्ड महिनाभरात जेवढे मिळवून देईल, त्याच्या तिप्पट रक्कम जुने कार्ड तुमच्याकडून आजच घेत आहे. त्यातच, बाकी पुढे ओढली जात असताना त्या कार्डावर नवी खरेदी केली, तर बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि व्याज खरेदीच्या दिवसापासूनच सुरू होते. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, आधी ही बाकी एकरकमी मिटवा. बँकेत मुदत ठेव असेल, तर ती मोडून मिटवणेही योग्य ठरेल, कारण ठेवीवर वर्षभरात मिळणारे व्याज कार्ड दोन-तीन महिन्यांतच वसूल करते. ठेव नसेल आणि कारखान्यातील पगारदार पतसंस्थेचे कर्ज मिळत असेल, तर त्याचा दर कार्डापेक्षा बराच कमी असतो. तोवर जुन्या कार्डाने पेट्रोल भरू नये.

बाकी फिटल्यावर, पुढचे तीन महिने येणारे प्रत्येक बिल तुम्ही पूर्ण भरू शकलात आणि भारत पेट्रोलियमचा पंप तुमच्या रोजच्या वाटेवर असला, तर हे कार्ड जरूर घ्या आणि पूर्ण बिलाची रक्कम बचत खात्यातून आपोआप वळती होईल अशी सूचना पहिल्याच दिवशी बँकेला द्या. पंप वाट वाकडी करून गाठावा लागत असेल, तर मात्र हे कार्ड तुमच्या उपयोगाचे नाही.